डावऱ्याच्या नळ्या

नातीच्या शिक्षणाचं नाव पाठ करायला उखा आबाला अकरा दिवस लागले. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र. तीनच शब्द, पण एकेक शब्द कापडाच्या ताक्यासारखा लांब, उलगडत गेलं की संपता संपत नाही. रोज सकाळी दात घासताना तो ते मनातल्या मनात म्हणायचा आणि मगच चूळ भरायचा.

बाराव्या दिवशी सुरतेत, नवागामच्या चौकात, चहाच्या गाडीपाशी, त्याने ते एका दमात म्हणून दाखवलं. सोबतचे म्हातारे कारीगर तोंडाकडे बघत राहिले. सगळे खानदेशातून आलेले, सगळ्यांची हयात मागाच्या खडखडाटात गेलेली, म्हणून सगळे जरा मोठ्यानेच बोलणारे.

"म्हणजे बँकेची परीक्षा का रे, डावऱ्या?" एकाने विचारलं.

"बँकेची नाही. एम.ए. आहे, दिल्लीला. कोणत्या देशाने काय ठरवलं म्हणजे आपल्या मागावर काय होतं, त्याचं शिक्षण."

"मग तिला म्हणा, आमच्या मागावर काय झालं ते आम्हालाच विचार. दिल्लीला कशाला जायचं?"

सगळे हसले. उखाही हसला, पण त्याच्या हसण्यात गुपित होतं. नात योगिता तेच विचारायला आली होती. आणि ती त्यालाच विचारत होती.

'डावऱ्या' हे नाव त्याला लहानपणापासून चिकटलेलं. डाव्या हाताने जेवतो म्हणून आईच्या हातचे फटके खाल्ले, डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून देवळातून हाकलला गेला. शाळेत तर तो गेलाच नाही. सुरतेला आला, उधन्याच्या एका खात्यात मागावर लागला, तिथेही हाक तीच. खातं म्हणजे मागांचा कारखाना. सुरतेत असंच म्हणतात. चाळीस वर्षं तो ती हाक ऐकून ओ देत राहिला आणि चाळीस वर्षं ती त्याला टोचत राहिली. अक्षरं तो शिकला ती काम सुटल्यावर, बासष्टाव्या वर्षी. देवळाच्या मागच्या हॉलमध्ये रंजनाबाई दर रविवारी दुपारी वर्ग घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्याने पेन्सिल मुकाट्याने उजव्या हातात धरली. रंजनाबाई म्हणाल्या, "बाबा, ज्या हाताने माग चालवला त्याच हाताने लिहा. पेन्सिलीला काय कळतंय?" त्या दिवसापासून उखा त्यांना घरच्या माणसात धरायचा.

आता नळ्यांचं सांगायला हवं.

मागावर जो आडवा धागा जातो त्याचं सूत पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलं येतं. नळीवर लॉटचा नंबर छापलेला असतो. एका लॉटचं सूत दुसऱ्या लॉटमध्ये मिसळलं तर मागावर काहीच दिसत नाही; कापड पांढरंशुभ्र, एकसारखं. पण तेच कापड रंगाच्या मिलमधून रंगून आलं की आडवा पट्टा दिसतो, बोटभर रुंदीचा, तोंडावर चपराक मारल्यासारखा. उमेदीच्या काळात उखाच्या हातून अशी एकदा चूक झाली. त्याला नंबर वाचता येत नव्हता. नंतर नळ्यांचे रंग वेगळे दिसले तेव्हा मिसळलेलं सूत त्याच्या लक्षात आलं होतं, पण वाटलं, गप बसावं, निभून जाईल. नाही निभलं. पट्टा दिसला, आणि नाव आलं त्या मागावर दुसऱ्या पाळीला असणाऱ्या दत्तूवर. दत्तू आपलं गाठोडं घेऊन गावाला गेला तो परत आला नाही. उखाने तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हापासून त्याने एक रीत धरली. नवा लॉट लागला की त्यातली पहिली नळी तो स्वतःच्या हाताने मोकळी करायचा आणि जवळ ठेवायचा. मग दुसरी नळी तिच्याशेजारी धरून रंग, पट्टी, अक्षरांचा आकार जुळवायचा. जुळलं तरच सूत मागावर चढवायचा. लॉट संपला की नळी घरी न्यायची आणि दोरीत ओवायची. घरातल्या दोऱ्या भरत गेल्या. जुन्या नळ्या त्याच्या बायकोने, कलाबाईने, अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातल्या. तिचं म्हणणं, पुठ्ठा झकास पेटतो. शेवटच्या आठ वर्षांची माळ मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीमागे पडून राहिली म्हणून वाचली. चौऱ्याऐंशी नळ्या. मधे मधे लाल चिंधीच्या आठ गाठी. उखा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायचा, आणि जायच्या आधी दोरीला एक चिंधी बांधायचा. तेवढंच त्याचं कॅलेंडर.

योगिताने ती माळ पाहिली तेव्हा ती जमिनीवर बसलीच.

"आबा, बंदरात किती परदेशी सूत उतरलं त्याचे आकडे सगळ्यांकडे आहेत. पण ते कोणत्या मागावर केव्हा चढलं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही ठेवलंय."

"मी कुठलं लिहितो, माय? मला लिहिता येत नव्हतं."

मग दोघं बसली. योगिता एकेक नळी पुढे करायची आणि उखा वाचायचा. आता त्याला येत होतं! देवनागरी तर येतच होती, इंग्रजीची मोठी अक्षरंही रंजनाबाईंनी गिरवून घेतली होती. "सी, एच, आय, एन, ए. चायना!" प्रत्येक वेळी तो असा म्हणायचा जणू नळीने त्याला नमस्कार केला आहे. चौऱ्याऐंशीतल्या सत्तावीस नळ्या परदेशी निघाल्या. योगिताने त्यावर आपल्या प्रबंधाचं मोठं प्रकरण उभं केलं: परदेशी सुतावरचा कर कमी झाला त्या आखाजीनंतर परदेशी सूत उधन्याच्या या खात्यात कसं वाढत गेलं. दिल्लीच्या तिच्या मार्गदर्शक मॅडमना ते फार आवडलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता लॅपटॉपवरच मुलाखत होती. मॅडम असतील, बाहेरचे एक परीक्षक असतील. ते परीक्षक अवघड माणूस, असं योगिता म्हणाली. त्यांना प्रकरण पटलं तर पुढे पीएच.डी.चा रस्ता मोकळा. नाही पटलं तर वर्ष गेलं.

सोमवारी तिने फोटो काढण्यासाठी नळ्या गच्चीवर उन्हात मांडल्या. उखा त्या राखत बसला. ऊन तिरपं होतं, पुठ्ठ्यावरची रेघ न् रेघ दिसत होती. आणि बसल्या बसल्या त्याची नजर एका नळीवर अडकली.

नळीवर थोडं सूत उरलं की कारीगर ते ब्लेडने उभं कापून काढतात. पुठ्ठ्यावर काप उठतो. प्रत्येक नळीवर उखाचा काप होताच, तो असायलाच हवा. पण या नळीवर दोन होते. एक त्याचा. दुसरा त्याचा नव्हता.

त्याने दुसरी उचलली. तिसरी. फक्त परदेशी नळ्या वेगळ्या काढल्या आणि बघत गेला. सत्तावीसपैकी सोळा नळ्यांवर परका काप होता.

त्याने त्यातली एक हातात घेतली. नळी त्याच्याकडे सुताने भरलेली आली होती. तिच्यावर आधीचा काप असेल तर सूत गुंडाळायच्या आधीच ती एकदा वापरून, कापून मोकळी झालेली होती. म्हणजे नळी चीनची, पण तिच्यावरचं सूत चीनचं नव्हे. कुणीतरी भंगारातून नळी घेतली आणि तिच्यावर इथलंच सूत भरलं. मागावर असताना हे त्याच्या बोटांना कळलंही असेल. तेव्हा तो हाताने बघायचा. अक्षरं वाचता यायला लागली आणि त्याने अक्षरांवर डोळे मिटून विश्वास टाकला. चायना लिहिलंय म्हणजे चायना!

खाली येऊन त्याने कलाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. घरात दोघं अहिराणीतच बोलायची.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय? पोरनं लिखेल चुकीचं शे. मीच तिले चुकीचं सांगं."

"कोनले समजनार शे ते? तुमना त्या परीक्षकनी मागवर काम करेल शे का?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "पोर रातदिन राबी ऱ्हायनी. गप बठा. निभी जाई."

निभी जाई. निभून जाईल. उखाला दत्तूचं गाठोडं दिसलं, निळ्या चादरीत बांधलेलं.

तो जिना चढून परत गच्चीवर गेला. योगिता कॅमेरा पुसत होती.

"योगिता, यातल्या सोळा नळ्या खोट्या आहेत."

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग एकदम भडकली. "आबा, आज सोमवार आहे! हे आधी का नाही सांगितलं? सत्तावीस म्हणून मी आलेख काढलाय, मॅडमना पाठवलाय. आता काय सांगू, माझे आजोबा चुकले?"

"तेच सांग. चुकलेच."

"आणि तुम्हाला कसं कळतं कोणता काप तुमचा आणि कोणता दुसऱ्याचा?"

"आपला हात आपल्याला कळतो."

"हे मी प्रबंधात लिहू? आपला हात आपल्याला कळतो?"

ती रडली. उगाच घातलेली समजूत पोरीला आवडत नसे हे उखाला माहीत होतं. त्याने नळ्या गोळा करायला घेतल्या. सोळा एका बाजूला, अकरा दुसऱ्या बाजूला. मग योगिताने नाक पुसलं आणि त्या सोळांमधली एक उचलली.

"पण मग ही नळी परत भरली कुणी?"

उखाला बरं वाटलं. प्रश्न विचारायला लागली म्हणजे पोर सावरली.

मंगळवारी दोघं रिक्षाने उधन्याला गेली. भगवान नावाचा परभणीकडचा माणूस तिथे खात्याखात्यांतून रिकाम्या नळ्या उचलतो. त्याच्या गोदामात छतापर्यंत नळ्यांच्या थप्प्या होत्या.

"चीनची नळी? तिला तर मान आहे, ताई!" भगवान म्हणाला. "पुठ्ठा कडक, गोल पक्का. सूत भरणारे हिला पहिला हात घालतात. आपली नळी दोनदा चालती, ही चारदा. एका जन्मात चीनचं सूत, पुढच्या जन्मात इथलं."

"आणि विकताना कुठलं म्हणून विकतात?"

भगवानने इकडे तिकडे पाहिलं. "नळी बोलती तेच गिऱ्हाईक ऐकतंय. मी कशाला मधे बोलू?"

"आणि कर कमी व्हायच्या आधी, परदेशी सुतावर तो वाढला होता तेव्हा?"

"तेव्हा चीनचं म्हणून जे जे होतं ते सगळंच महाग झालं. इथं भरलेलंसुद्धा." तो हसला. "सीमेवरचा कर, ताई, इथल्या सुतानंपण वसूल केला."

योगिता लिहीत होती ती थांबली. तिने आजोबांकडे पाहिलं. उखाला त्या नजरेतलं सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की जुनं प्रकरण गेलं आणि त्या जागी काहीतरी जास्त मोठं उभं राहतंय. परतताना रिक्षात ती स्वतःशीच बोलत होती. "म्हणजे देशाच्या सीमेवर ठरलेली गोष्ट मागापर्यंत सुतावर बसून येत नाही. नावावर बसून येते."

बुधवारचा दिवस आणि अर्धी रात्र तिने लिहिलं. सोळा आणि अकरा वेगळे केले, आलेख नवा काढला, 'आधी केलेली चूक' म्हणून एक पानही जोडलं. त्या पानावर उखाने बोट ठेवून विचारलं, "यात माझं नाव आहे ना?"

"आहे."

"मग ठीक."

गुरुवारी अकराला लॅपटॉप पाटावर ठेवला. कलाबाईने खिडकीला चादर लावली. शेजारच्या खात्यातले माग चालूच होते. ते कुणासाठी थांबत नाहीत. पडद्यावर दोन चेहरे आले. मॅडमच्या गळ्यात मोठे मणी होते. परीक्षक टक्कल पडलेले, चष्मा नाकाच्या टोकावर.

"हा आवाज कसला आहे?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"माग आहेत, सर. ज्यांच्यावर मी लिहिलंय तेच."

मॅडम हसल्या. परीक्षक हसले नाहीत. मग सगळं इंग्रजीत सुरू झालं. उखा भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर माळ घेऊन. त्याला शब्द कळत नव्हते, पण नातीचा आवाज कळत होता. तो आधी अडखळला, मग लागला. कडक चालीत चाललेल्या मागासारखा, धागा न तुटता. या पोरीचा बाप, वाल्मिक, दहावीत शाळा सोडून टेम्पो चालवायला लागला होता. आणि ही परीक्षकाच्या डोळ्याला डोळा देऊन जगाचा व्यापार सांगत होती, नवागामच्या खोलीतून.

मग परीक्षकांनी काहीतरी विचारलं आणि योगिताने मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

"काय म्हणतात?" उखाने हळूच विचारलं.

"आबा, ते म्हणतात, दोन्ही काप तुम्हीच मारले नसतील कशावरून? एकदा मारून सूत निघालं नाही तर माणूस दुसऱ्यांदा मारतो. म्हणतात, सगळं प्रकरण याच एका गोष्टीवर उभं आहे." तिचा आवाज बारीक झाला. "मला उत्तर माहीत नाही."

उखाला माहीत होतं. सोमवारपासून माहीत होतं. सांगायची लाज वाटली होती, एवढंच. शिकलेल्या लोकांसमोर, नातीच्या मॅडमसमोर, ते सांगायचं? आईचे फटके आठवले. देवळाची पायरी आठवली.

तो उठला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन बसला. हिंदी त्याला येत होती. सुरतेत चाळीस वर्षं काढल्यावर कुणाला येत नाही?

"नमस्कार साहेब. मी डावखुरा आहे."

परीक्षकांनी चष्मा वर केला.

"कलाबाई, ब्लेड लई ये. आनि भगवानकडनी ती कोरी नळी." कलाबाई लगबगीने उठली. उखाने नळी उजव्या हातात उभी धरली, डाव्या हातात ब्लेड घेतलं आणि वरून खाली एक काप ओढला. "बघा. माझा काप खाली येता येता डावीकडे सरकतो. माझं कोपर तिकडे आहे. आता योगिता, तू मार. उजव्या हाताने."

योगिताने मारला. तिचा काप उजवीकडे सरकला.

"खात्यात सत्तर कारीगर होते, साहेब. डावरा मी एकटा. सगळे त्याच नावाने हाक मारायचे. आता ही जुनी नळी बघा. हा एक काप डावीकडे, हा माझा. हा दुसरा उजवीकडे. हा मी मारूच शकत नाही, मारायचा म्हटलं तरी."

"पण नळी उलटी धरली असेल तर?" परीक्षक आता थेट त्याच्याशी हिंदीत बोलत होते. "मग डावीकडचा काप उजवीकडचा दिसेल."

उखाने नळी उलटी केली आणि कॅमेऱ्याजवळ धरली. काप अजूनही तसाच, वरून खाली डावीकडेच झुकलेला. त्याने सुलटी केली. तसाच. परत उलटी.

परीक्षकांनी आपल्या समोरचं पेन घेतलं, कागदाची सुरळी केली, तिच्यावर तिरकी रेघ ओढली आणि सुरळी उलटी केली. मग परत सुलटी केली. मॅडम तोंडावर हात ठेवून हसू दाबत होत्या.

"खरं आहे," परीक्षक म्हणाले. मग त्यांनी सुरळी बाजूला ठेवली. "बाबा, एक सांगा. तुम्हाला तेव्हा वाचता येत नव्हतं. मग एवढ्या नळ्या इतकी वर्षं जपून कशाला ठेवल्या?"

"वाचता येत नव्हतं म्हणूनच ठेवल्या, साहेब. वाचता आलं असतं तर नंबर वाचून फेकून दिल्या असत्या."

शेजारचे माग धडधडत राहिले. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मग योगिताकडे वळून इंग्रजीत बोलले. या वेळी तिचा चेहरा बघूनच उखाला अर्थ कळला. कलाबाईला तो खिडकीपाशी उभ्या उभ्या कळला. तिने पदर डोळ्याला लावला आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "सांगेल व्हतं ना मी, पोरले खरं काय ते सांगी टाका."

उखाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती भाजी बघायला आत गेली.

पडदा बंद झाल्यावर योगिता त्याच्या गळ्यात पडली, लहान होती तेव्हा पडायची तशी. मग तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप परत उघडला. परीक्षकांनी सांगितलं होतं की नळ्यांच्या प्रत्येक फोटोखाली संग्राहकाचं पूर्ण नाव हवं. चौऱ्याऐंशी वेळा.

"भगवानचंही घाल कुठेतरी," उखा म्हणाला. "त्याने सांगितलं म्हणून तर कळलं."

"त्याने नाव घालू नका म्हणून सांगितलंय. गिऱ्हाईक तुटेल म्हणतो. पण तुमचं घालते. उखा भिका पाटील. बरोबर?"

उखा पडद्याकडे वाकला. अक्षरं एकेक करून वाचली. बरोबर होती, पण त्याने मान हलवली.

"पुरं नाही झालं. पुढे लिही, डावरा."

"आबा! तुम्हाला तर ते नाव आवडत नाही."

"उद्या कुणी दुसरा परीक्षक विचारेल, हा काप कुणाचा. मग त्याला कसं कळणार?" तो भिंतीला टेकला आणि माळ परत मांडीवर घेतली. "लिही. उखा भिका पाटील, डावरा."

तिने लिहिलं. त्याने ते एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, माग चालू होते म्हणून आणखी मोठ्याने.